प्रमाणासाठी माणूस

भूशास्त्राची पुस्तकं मी कॉलेजात वाचली नाहीत, कारण कॉलेजची पायरी मी फक्त मोर्चा घेऊन चढले. आमच्या वस्तीच्या डोक्यावर खाण सुरू झाली आणि जाईन त्या ऑफिसात साहेबलोक मला शब्दांत गुंडाळायला लागले, तेव्हा रद्दीवाल्याकडून किलोवर ती पुस्तकं आणली आणि दातओठ खाऊन वाचली. त्यांत दर दोन पानांआड एक भलामोठा कडा असतो आणि कड्याच्या पायथ्याशी एक एवढासा माणूस उभा असतो. ताठ, हात पँटच्या शिवणीला टेकवलेले, चेहरा म्हणजे नुसता ठिपका. खाली लिहिलेलं असतं: प्रमाणासाठी माणूस. नुसत्या फोटोवरून कडा केवढा ते कळत नाही, म्हणून शेजारी ठाऊक मापाचं काहीतरी ठेवायचं, अशी या लोकांची रीत. छोट्या दगडाशेजारी नाणं, जरा मोठ्याशेजारी हातोडी आणि कड्याशेजारी माणूस.

या फोटोंपैकी निम्म्यांतला माणूस आमच्या मागच्या गल्लीत राहतो. वस्ती त्यांना भाऊ म्हणते. त्यांच्या धंद्यातले लोक त्यांना स्केल म्हणतात, तेही तोंडावर.

भाऊ म्हणजे कुणी उचलून आणलेला हमाल नाही. रीतसर पदवी घेतलेला भूवैज्ञानिक. पण नोकरीच्या पहिल्याच दौऱ्यावर मोठ्या साहेबांनी कॅमेरा रोखला आणि म्हणाले, जरा कड्याखाली जाऊन उभा राहा. हे राहिले. साहेबांनी उंची विचारली, यांनी सांगितली, साहेबांनी फोटोखाली लिहिली: पाच फूट दहा इंच. झालं. पुढे जो तो दौऱ्यावर निघताना विचारायचा, स्केल येतोय ना? खात्याचे साहेब आले, प्राध्यापक आले, परदेशी पाहुणे आले. सगळ्यांच्या कड्यांखाली हेच उभे. ज्यांचे कडे, त्यांची नावं झाली. भाऊंना फक्त एक सवय लागली. कुठेही उंच काही दिसलं की पाय आपोआप तिकडे वळायचे. बसस्टॉपवर दिव्याच्या खांबाशेजारी, बँकेत कपाटाशेजारी, हॉस्पिटलात सलाइनच्या दांड्याशेजारी. जाऊन ताठ उभे, हात शिवणीला. घाबरले असले की हमखास.

एकदा त्यांनी धीर करून मोठ्या साहेबांना विचारलं होतं, फोटोखाली माझं नाव टाकता येईल का.

"हातोडी ठेवली तर हातोडीचं नाव टाकतो का आपण?" साहेब म्हणाले आणि हसले.

भाऊही हसले. मग घरी येऊन ताटावरून तसेच उठले, असं वहिनी सांगतात.

वहिनी म्हणजे भाऊंच्या बायको. पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून बसतात. आमच्या वस्तीतल्या सगळ्यांची मापं त्यांच्या टेपवर आणि सगळ्यांची गुपितं त्यांच्या पोटात. माप देताना माणूस फार बोलतो, आणि वहिनी दातांत टाचण्या धरून ऐकतात. टाचण्या काढल्या की मात्र खैर नाही.

भूवैज्ञानिकांची एक संघटना आहे. छापखान्यावरच्या मजल्यावर तिची खोली. आत लांब टेबल, काचेच्या कपाटात धूळ बसलेले दगड, आणि भिंतीवर सगळ्या माजी अध्यक्षांचे फ्रेम केलेले फोटो. या लोकांची काळाची भाषा निराळी. त्यांच्यात 'नुकतंच' म्हणजे दहा हजार वर्षांपूर्वी. संघटनेच्या संडासाची कडीही नुकतीच तुटली होती, त्यामुळे दुरुस्तीची कुणाला घाई नव्हती. भाऊ त्या खोलीत गेले की भिंतीपुढे रेंगाळायचे. मला एकदा म्हणाले, "ताई, या फोटोंत बघा, कुणाच्याही शेजारी काही नाही. नुसता माणूस." तेव्हा मला कळलं, यांना काय हवंय. निवृत्तीला थोडा काळ उरला होता. त्याआधी त्या भिंतीवर जायचं होतं. अध्यक्ष व्हायचं होतं.

म्हणून ते माझ्याकडे आले. चहा घेतला आणि म्हणाले, "तुम्ही माणसं गोळा करता. मला मतं गोळा करायचीत. कसं करतात?"

मी फुकट काही शिकवत नाही. मी म्हटलं, निवडून आलात की पहिलं काम आमच्या भिंतीचं.

भिंतीची गोष्ट अशी. खाण आणि वस्ती यांच्यामध्ये मूळ खडकाची भिंत शिल्लक ठेवायची आणि ती कुठेही चाळीस फुटांच्या खाली जाता कामा नये, अशी खाणमालकाच्या परवान्यातली अट. सुरुंगाचे दगड अडावेत म्हणून. दगड काही अडत नव्हते. एक शाळेच्या पाण्याच्या टाकीत पडला, एक रिक्षाच्या टपावर. एक पत्रा फोडून वहिनींच्या मशीनपुढे येऊन पडला. वहिनींनी तो ठेवून घेतला, कापड दाबायला. आम्ही जाऊ तिथे खाणमालक एकच दाखला पुढे करायचा: भिंत चाळीस फूट भरते. दाखला देणारे एक नामांकित प्राध्यापक, सोबत फोटो, आणि फोटोत भिंतीखाली आमचेच भाऊ, हात शिवणीला. त्यात मला काही खटकलं नव्हतं. त्यांचं कामच ते. भिंत पुन्हा मोजा म्हणून मी संघटनेकडे अर्ज करून थकले होते. दर वेळी तेच उत्तर: या विषयावर अधिक अभ्यासाची गरज आहे.

माझी अट ऐकून भाऊंनी कप खाली ठेवला. बराच वेळ बशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, बघू. भूवैज्ञानिक 'बघू' म्हणाला की तो होकार धरायचा, कारण नकाराला त्यांच्याकडे अधिक अभ्यास असतो.

समोर उभे होते तेच दाखलेवाले प्राध्यापक. चांदीसारखे केस, मऊ आवाज, भाषण करताना डोळे मिटणारे. आमच्याकडे काय होतं? भाऊ, त्यांची स्कूटर आणि मागे मी.

प्रचाराला निघालो. मी आयुष्यात नाही नाही त्यांच्या दारात मतं मागितली आहेत, पण असे मतदार बघितले नाहीत. निवृत्त कोळसेवाल्या साहेबांनी आम्हाला त्यांचे सगळे दगड दाखवले, एकेक करून, पाठपोट. शेवटी म्हणाले, स्केल, नवं पुस्तकांचं कपाट केलंय, मुलीला फोटो पाठवायचाय, जरा शेजारी उभा राहतोस का. आणि भाऊ उभे राहिले. मी खाली येऊन त्यांना जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. विहिरींची जागा सांगणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी सरळ विचारलं, अध्यक्ष झालात तर करणार काय? भाऊ म्हणाले, तीन शक्यता संभवतात. मी टेबलाखालून लाथ मारली. ती बाईंना लागली.

रोज संध्याकाळी मी त्यांना बसवून शिकवायचे. म्हणा, मी करीन. भाऊ म्हणायचे, करता येण्याची शक्यता नाकारता येत नाही. मशीनवरून वहिनी म्हणायच्या, "ताई, लग्नाला होकारसुद्धा असाच दिला होता. माझ्या वडिलांना वाटलं, नाही म्हणतोय."

शेवटी मी डोकं चालवलं. म्हटलं, या माणसाला बोलायला लावूच नये. याचे फोटो बोलतील. ज्या ज्या पुस्तकात, अहवालात हे उभे आहेत ते सगळे फोटो जमवले आणि वार्षिक सभेत पडद्यावर दाखवायचं ठरवलं. वाक्यं मी लिहून दिली. वहिनींनी नवा सूट शिवला आणि त्यांच्या पायांतले जाड तळाचे दौऱ्याचे बूट काढून टाकले. ते बूट भाऊ घरातल्या कार्यालाही घालायचे. वहिनी म्हणाल्या, माझ्या शिवणाखाली ही ट्रॅक्टरची चाकं चालायची नाहीत. पातळ तळाचे काळे बूट आणले.

सभेचा हॉल भाड्याचा. स्टेजवर एका बाजूला पडदा, एका बाजूला माइक, आणि मधोमध शोभा म्हणून जमीन मोजायची काठी उभी केलेली, माणसाच्या दुप्पट उंच. एक पट्टा लाल, एक पांढरा, प्रत्येक पट्टा एक फुटाचा. संघटनेचं चिन्हच ते. मी आणि वहिनी मागच्या रांगेत बसलो. घरच्या मंडळींना मागच्या रांगेत बसायची मुभा होती, आणि घरचं कोण हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

प्राध्यापक आधी बोलले. डोळे मिटून. आपल्या पिढीने डोंगरांना वाचा दिली, असं काहीतरी. डोंगरांची वाचा ऐकत पुढच्या रांगेतले दोघे झोपले.

मग भाऊ. पहिला फोटो आला. मोठ्या साहेबांचा प्रसिद्ध कडा, ज्यावर त्यांना पदक मिळालं. भाऊंचा आवाज थरथरत होता, पण वाक्य पाठ होतं. "हा साहेबांचा कडा. हा मी." दुसरा फोटो. "हा तुमचा कडा, सर. हा मी." तिसरा, चौथा. हळूहळू आवाज स्थिरावला. कोळसेवाले साहेब स्वतःचा कडा दिसल्यावर जागे झाले. फोटोंत भाऊंचे केस काळ्याचे पांढरे होत गेले, पण उभं राहणं तेच. शेवटी पडदा पांढरा झाला आणि भाऊ म्हणाले, "आयुष्यभर माझ्याकडे बघून तुम्ही डोंगर मोजलेत. आज एकदा नुसतं माझ्याकडे बघा."

टाळ्या. उभं राहून टाळ्या. विहिरीवाल्या बाई डोळे पुसत होत्या. मी मनात मतं मोजून टाकली. निवडून आले होते भाऊ.

पण टाळ्यांचं काय करायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मीही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मिळत होत्या. ते इकडेतिकडे बघायला लागले, घाबरले, आणि त्यांचे पाय वळले. सरळ स्टेजच्या मधोमध. लाल-पांढऱ्या काठीशेजारी जाऊन ताठ उभे राहिले, हात शिवणीला. पायांत पातळ तळाचे बूट.

त्यांनीच सांगितलं होतं, माझ्याकडे बघा. बघितलं सगळ्यांनी. आणि हे लोक काय, काठी दिसली की वाचल्याशिवाय राहतात? टाळ्या पुढच्या रांगेपासून थांबत थांबत मागे आल्या. माना तिरक्या झाल्या. लाल, पांढरा, लाल, पांढरा, लाल, आणि सहाव्या पट्ट्यात भाऊंचं डोकं जेमतेम शिरून संपत होतं.

मी वहिनींकडे वळले. "वहिनी, हे पाच दहा नाहीत?"

"पाच चार," वहिनी म्हणाल्या. "पाच दहा त्यांचे थोरले बंधू. लहानपणापासून घरात दाराच्या चौकटीला लावून दोघांना मोजायचे आणि हसायचे. साहेबांनी विचारलं तेव्हा तोंडातून थोरल्याचा आकडा निघून गेला. मलाही लग्नाआधी तोच सांगितला होता. पहिली पँट शिवली तेव्हा कळलं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? पँट आखूड केली."

इकडे हॉलमध्ये मोबाइल बाहेर निघाले होते. बोटं चालत होती. ज्यांनी आयुष्यभर डोंगर मोजले, त्यांनी मोजपट्टी कधी मोजलीच नव्हती, आणि आता ज्याचा त्याचा डोंगर बसल्या जागी खचत होता. दर दहा फुटांमागे जवळजवळ एक फूट हवा. मोठ्या साहेबांचं पदक, प्राध्यापकांची पाठ्यपुस्तकं, त्यावरून नकलून घेतलेली पुढची पुस्तकं. कोळसेवाले साहेब शेजाऱ्याला हळूच म्हणाले, माझ्याकडे वरच्या अंगाला थोडं कमीच धरलं होतं, भरून निघेल. कुणीतरी घाईघाईने चहाची सुट्टी जाहीर केली.

आणि माझ्या डोक्यात तेव्हा कुठे दिवा लागला. आमची भिंत. फोटोत भिंतीखाली कोण? चाळीस फूट कुणाच्या जिवावर?

मी धावले. भाऊ हात धुवायच्या बेसिनपाशी उभे होते, नळ उगाच चालू. प्राध्यापक माझ्याआधी पोचले होते आणि त्यांनी डोळे चक्क उघडे ठेवले होते. ते समजावत होते की निवडणुकीने संघटनेत उगाच फूट पडते, त्यापेक्षा आपण अर्ज मागे घेतो, भाऊंनी बिनविरोध अध्यक्ष व्हावं, सगळ्या ज्येष्ठांची तशीच इच्छा आहे. फक्त एवढंच, की कुणाची व्यक्तिगत शरीरमापं हा काही संघटनेच्या चर्चेचा विषय नव्हे. तो कधीच होऊ नये.

भाऊंनी माझ्याकडे बघितलं.

"भाऊ," मी म्हटलं, "भिंत."

त्यांनी नळ बंद केला. रुमालाने एकेक बोट पुसलं. "होतो मी अध्यक्ष," ते म्हणाले, आणि हे मात्र अगदी स्वच्छ म्हणाले. ना शक्यता, ना अभ्यास. मी शिकवलं होतं ना.

मी तिथून निघाले ती वाटेत दोन सायकलवाल्यांशी भांडून घरी आले. भाऊंच्या घरासमोरून जाणं बंद केलं. वस्तीत म्हणत सुटले, आखूड माणूस आखूडच निघाला. वाईट बोलले, पण तेव्हा मला ते कमीच वाटत होतं. खाणीत सुरुंग चालू होते आणि पोरं शाळेत जाताना डोक्यावर दप्तर धरत होती. वहिनी एकदा समोर आल्या, मी तोंड फिरवलं. त्या म्हणाल्या, फोटोग्राफर येऊन गेला, खुर्चीत बसवून काढला फोटो, शेजारी काही नाही. मी म्हटलं, अभिनंदन कळवा. त्या म्हणाल्या, कळवते, पण माणूस जेवत नाहीये. मी म्हटलं, ही त्यांची जुनी सवय आहे.

मग एका सकाळी पोरं बोलवायला आली, भाऊ भिंतीपाशी उभे आहेत. गेले. बघते तर खरंच. सूट घातलेला, बूट काढून बाजूला नीट जोडून ठेवलेले, नुसत्या मोज्यांवर, भिंतीला पाठ लावून ताठ. वहिनी टेप घेऊन हजर. अर्धी वस्ती जमलेली.

"काढा फोटो," भाऊ मला म्हणाले.

"त्या दिवशी तोंडाला कुलूप लावलंत, ते आज कसं उघडलं?" मी म्हटलं. इतक्या सहज सोडणारी मी नव्हे.

"त्या दिवशी बोललो असतो तर मी फक्त पाच फूट चार इंच झालो असतो," ते म्हणाले. "आज पाच फूट चार इंचांचा अध्यक्ष आहे. आज बोललो तर लिहून घ्यावं लागतं."

माणूस लबाड होता. मला प्रथमच त्यांच्याबद्दल आदर वाटला.

फोटो काढले. पण मी म्हटलं, फोटोवर पुन्हा विश्वास नको, ते झालंय करून. रिक्षावाल्याला दोर देऊन वर चढवला, दोर खाली सोडला, खूण केली, आणि दोर जमिनीवर पसरून वहिनींनी टेपने मोजला. सदतीस फूट. तेही वरचं गवत धरून. भाऊंनी संघटनेच्या कागदावर सगळं लिहिलं: भिंतीची उंची, स्वतःची उंची, आधीची चूक कशी झाली ते. थोरल्या भावाचा उल्लेखही केला. खाली सही, अध्यक्ष. तो कागद घेऊन मी मोर्चा नेला आणि पहिल्यांदाच मला कुणी अभ्यास करायला सांगितला नाही. भिंत चढवून होईपर्यंत सुरुंग बंद. खाणमालक आता जाळीत दगड भरून वर रचतोय आणि भाऊंच्या नावाने बोटं मोडतोय.

संघटनेत गहजब झाला. तातडीची सभा बोलावली. अध्यक्षांना काढा, असा ठराव. पण घटनेप्रमाणे अध्यक्षाला काढायचं तर ठरावात कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहायचं म्हटलं की प्रत्येकाला आपापला कडा आठवायला लागला. कोण लिहिणार? पेन टेबलावर सगळीकडे फिरून पुन्हा प्राध्यापकांपाशी आलं. ते डोळे मिटून म्हणाले, या विषयावर अधिक अभ्यासाची गरज आहे. त्यावर एकमत झालं. त्यांच्या हिशेबाने पुढची दहा हजार वर्षं भाऊंना धोका नाही.

परवा मी त्या खोलीत गेले होते. संडासाला नवी कडी आहे, अध्यक्षांचं पहिलं विकासकाम. भिंतीवर शेवटची फ्रेम भाऊंची. खुर्चीत बसलेले, शेजारी काही नाही, हात मात्र शिवणीपाशीच गेलेले. बाकीच्या फोटोंखाली नावं आणि वर्षं आहेत. यांच्या फोटोखाली नाव आहे, वर्ष आहे, आणि त्याखाली त्यांनी हट्टाने रंगवून घेतलेली एक ओळ: उंची पाच फूट चार इंच, बुटांशिवाय.

मी वाचत होते तेवढ्यात कोळसेवाले साहेब आले. त्यांनी ओळ वाचली, शेजारच्या फ्रेममधल्या मोठ्या साहेबांकडे बघितलं, आणि हळूच विचारलं, "यांची किती असेल हो?"

"मोजली नाही कुणी," मी म्हटलं.